अळणी उन्हाळा

मी पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. धुळ्यात आग्रा रोडवर एके काळी ज्या दुकानांच्या पाट्या होत्या, त्यातल्या निम्म्या तरी माझ्या हातच्या. आता फ्लेक्स आले, त्यावर काही बोलत नाही, नाहीतर हा लेख भलतीकडेच जाईल.

परवा पाचोऱ्याचे एक मास्तर घरी आले. त्यांच्या भाचीला मला होत्या तशाच गोळ्या चालू झाल्यात. घरचे म्हणतात, सोबत आयुर्वेदिक देऊ, द्यावं का? मी नुसता "द्या, पण" म्हणालो आणि त्या 'पण'च्या पुढे अर्धा तास येरझाऱ्या घातल्या. बसून नीट सांगणं मला जमत नाही, ही जुनी खोड आहे. म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. मी चूक केलेला माणूस आहे आणि ती चूक मला तपशीलवार पाठ आहे.

ट्रक

ऐंशीच्या दशकातली अखेरची वर्षं. माझं वय एकतीस. थंडी सरत आली होती आणि मला आठ-दहा दिवस झोप नव्हती. त्याचा काही त्रास होत नव्हता, हेच खरं तर पहिलं लक्षण. एवढं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं. हातातली सगळी कामं चार दिवसांत उरकली. मग गल्लीतल्या लोकांच्या दारांवर, कोणी न सांगता, घरांची नावं लिहायला लागलो. समोरचे तात्या दिवसभर बाजेवर पडून असत. त्यांच्या दारावर मी 'श्रमसाफल्य' लिहिलं. तेवढं एक नाव मला अजूनही चुकलं असं वाटत नाही.

लोक हसत होते. विमल, माझी बायको, हसत नव्हती. ती सारखी म्हणे, घटकाभर पडा. मी म्हणे, तुला माझी प्रगती बघवत नाही. असलं मी तिला बोललो आहे. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायचं ठरवलंय.

मग तो ट्रक. शहराबाहेर एका ढाब्यावर उभा होता, ड्रायव्हर आत जेवत होता. ट्रकची फळी कोरी दिसली आणि मला ते सहनच झालं नाही. डबे काढले, मोर काढला, वेलबुट्टी काढली, आणि मालकाचं नाव माहीत नव्हतं म्हणून स्वतःचंच नाव दीड फुटी अक्षरांत लिहून टाकलं. ड्रायव्हर हात धुऊन बाहेर आला तेव्हा मी दुसरी बाजू घ्यायला निघालो होतो. त्यानं माझी गचांडी धरली. मी त्याला रंगसंगती समजावत होतो.

कोणीतरी नानाला बोलावून आणलं. नाना म्हणजे माझा थोरला भाऊ, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यानं ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "काय करी राहिना रे तू?" नाना हळू बोलला की मला लहानपणापासून भीती वाटते. मी आधी हसलो आणि मग तिथंच रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागलो. नानानं टर्पेंटाइननं माझं नाव पुसलं. मोर मात्र ड्रायव्हरनं ठेवून घेतला.

केबिनमध्ये

दुसऱ्या दिवशी जळगाव. मानसोपचाराचे डॉक्टर आमच्या भागात तेव्हा फार नव्हते आणि जे होते त्यांच्या पाटीवरही 'मेंदूविकार' एवढंच लिहिलेलं असे. या डॉक्टरांच्या पाटीवरची अक्षरं उजवीकडे दाटीवाटीनं बसवली होती. रंगवणाऱ्यानं आधी खडूनं आखून घेतलं नव्हतं. बाहेर बाकावर तासभर मी तेवढंच बघत होतो.

आमचा नंबर आला तेव्हा नाना विमलला म्हणाला, तू बाहेरच बस. घरातल्या बायकांनी असल्या गोष्टी ऐकू नयेत, असा त्याचा समज. ती बसली. आत आम्ही दोघं.

डॉक्टर सावकाश बोलणारे. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. म्हणाले, उत्साहाचाही आजार असतो, तो चढतो आणि मग खोल खाली उतरतो. लिथियम नावाची गोळी द्यावी लागेल, अधूनमधून रक्त तपासावं लागेल. पुढे ते बरंच काही बोलले. मी त्यांच्या डोक्यामागची 'शांतता राखा' ही पाटी मनातल्या मनात नव्यानं आखत होतो. आणि नानाच्या कानात "बहुतेक आयुष्यभर" एवढे दोन शब्द शिरले, त्यानंतर त्याला काही ऐकूच गेलं नाही, हे त्यानं मला फार उशिरा कबूल केलं. म्हणजे डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. ऐकलं कोणीच नाही. ऐकणारी बाई बाहेर बाकावर बसली होती.

तिथंच अठरा दिवस ठेवलं. सकाळी सहाला दाराची कडी वाजायची, मग चहा, मग गोळ्या. गोळी गिळल्यावर अक्का तोंड उघडून दाखवायला लावायच्या. अक्का म्हणजे तिथल्या आया, पांढऱ्या केसांच्या, कडक. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय काम करतोस रे बाबा?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदराआडून खडूचा तुकडा आणून दिला आणि फरशीवर लिही म्हणाल्या, पुसायचं मात्र तूच. त्या खडूनं मला तारलं.

डोकं हळूहळू खाली आलं. पळणं थांबलं तशी भीती आली. आपण वेडे झालो होतो हे शहाणं झाल्यावरच कळतं, आणि ते कळणं फार वाईट असतं.

हात

घरी आलो. गल्लीत सगळे जरा जास्तच गोड बोलत होते. झोप लागत होती, जेवण जात होतं. पंधरा दिवसांनी एका किराणा दुकानाची पाटी घेतली. आखणीसाठी सूत मारलं, काठी टेकवली, काठीवर मनगट ठेवलं, ब्रश लावला. आणि हात थरथरला.

फार नाही. बघणाऱ्याला कदाचित कळलंही नसतं. पण पाटीवरची आडवी रेघ एका श्वासात, न थांबता मारायची असते. आमच्या धंद्यात माणूस त्या रेघेवरून ओळखतात. माझी रेघ कडेनं कातरली होती. मी ती पुसली. पुन्हा मारली, पुन्हा पुसली. दुकानदार म्हणाला, राहू दे भाऊ, चालतंय. त्याच्या 'चालतंय'नं मला जाळलं.

हा गोळीचा परिणाम आहे हे मला कळत होतं. डॉक्टरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वाटलं, सांगितलं तर ते गोळी वाढवतील, नाहीतर पुन्हा अठरा दिवस ठेवून घेतील. काय वाटेल ते वाटत होतं. आत एक अस्वस्थता घुमत होती. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की काय करावं कळेना. डोकं शाबूत हवं तर हात जाणार, आणि हात हवा तर डोकं. मला दोन्ही हवं होतं, तेही लगेच.

पारोळा

धुळ्याहून जळगावला जाणारी एस.टी. पारोळ्यावरून जाते. तिथं किल्ल्याच्या बाजूला एक वैद्य होते, वयानं साठीचे. सगळे त्यांना आबा म्हणत. जळगावची तपासणी करून परत येताना मी मध्येच पारोळ्याला उतरलो. विमल सोबत होती. तिला म्हणालो, अंगदुखीचं दाखवतो.

आबांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, झोपेचं विचारलं, आणि मग विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? लाज वाटली. आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं, की दोन वैद्यांची औषधं पोटात गेली की तिथं त्यांची भांडणं होतात. आबांनी गोळ्या बंद करा म्हटलं असतं तर? आणि डॉक्टरांना आबांचं कळलं असतं तर? दोघांना एकमेकांपासून लांब ठेवण्यातच मला हुशारी वाटली. विमलनं माझ्याकडे पाहिलं, पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणाऱ्यातली ती नाही. तेव्हा नव्हती.

आबांनी दिलं ते साधं होतं. डोक्याला तेल. झोपण्यापूर्वी काशाच्या वाटीनं तळपाय घासायचे, थोडं तूप लावून. एक ब्राह्मीचं तूप, सकाळी चमचाभर. जेवणाची वेळ ठरलेली. आणि पथ्य: खारट, आंबट, तिखट कमी.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. विमल वाटीनं तळपाय घासायला बसे, वाटीखालचं तूप काळं पडत जाई आणि माझ्या आतली ती घुमणारी भिंगरी मंद होई. तेवढा एक तास दिवसभरात मी कुठे पळत नसे. कोणी सांगेल की हे नुसतं मनाचं समाधान. असेल. मनाचाच आजार होता ना माझा?

चूक तिथं नव्हती. चूक होती ती मी 'कमी' या शब्दाची लावलेली वासलात. मला अर्धवट काही जमत नाही. आमच्याकडे पथ्य म्हटलं की माणूस मीठच सोडतो. आई गुडघ्यांसाठी सोडायची, नाना नुसत्या हट्टापायी एकदा सव्वा महिना अळणी जेवला होता आणि वर्षभर सांगत फिरला होता. मी विमलला म्हणालो, उद्यापासून माझ्या भाकरीत, भाजीत मिठाचा कण नको. हात थांबवायचाच.

अळणी

चैत्र सरला, वैशाख लागला. धुळ्याचा उन्हाळा काय सांगायचा. मी दुपारी शिडीवर, डोक्याला ओला पंचा, अंगातून घामाच्या धारा. जेवण अळणी. लिथियम सकाळ-संध्याकाळ चालूच.

हात थांबला नाही, वाढला. आता चहाची बशी वाजायला लागली. मी पथ्य आणखी कडक केलं, लोणच्याची फोडही बंद. मग मळमळ सुरू झाली. मग जुलाब. विमल म्हणाली, मीठ घालते थोडं. मी ताट सरकवून दिलं, म्हणालो, तुला माझा हात बरा व्हायला नको आहे. तीच भाषा पुन्हा. आजारातली नव्हे, चांगल्या शुद्धीतली.

एक दिवस आग्रा रोडवर चालताना पाय वेडेवाकडे पडायला लागले. जीभ जड झाली. लोकांना वाटलं, पेंटरनं घेतलीय. नानालाही तेच वाटलं. त्यानं माझं तोंड हुंगलं. वास आला नाही तेव्हा तो मला रिक्षात घालून घरी घेऊन आला आणि खाटेजवळ नुसता उभा राहिला. त्याला काय करायचं ते समजत नव्हतं. मी एक वाक्य सरळ बोलू शकत नव्हतो आणि तरी हातवारे करून सांगत होतो की मला काही झालेलं नाही.

विमलनं पिशवी उचलली. गोळ्यांची पाकिटं, आबांची तुपाची बाटली, दोन्ही तीत टाकलं. नानाला म्हणाली, मी यांना जळगावला नेते आणि या वेळी केबिनमध्ये मी बसणार. नाना रिक्षा आणायला गेला.

एस.टी.त मला उलट्या व्हायला लागल्या. पारोळा आलं तेव्हा माझी मान तिच्या खांद्यावरून घसरत होती. ती घाबरली आणि मला घेऊन उतरली, सरळ आबांकडे. तिथं तिनं पिशवी आबांच्या पुढ्यात उपडी केली. म्हणाली, यांनी तुम्हाला खोटं सांगितलं, मी ऐकत होते, मीही बोलले नाही.

आबांनी चष्मा लावून पाकिटावरचं नाव वाचलं. ते नाव त्यांना माहीत होतं. मला वाटलं आता पुडी देतील. त्यांनी काही दिलं नाही. ते उठले, कोट घातला, बाहेर बसलेल्या रोग्यांना उद्या या म्हणून सांगितलं, आणि शेजाऱ्याची जीप मागवली. वाटेत ते माझ्यावर एवढे चिडले होते की जळगाव येईपर्यंत माझ्याशी एक अवाक्षर बोलले नाहीत. माझं मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही.

बाटलीतलं मीठ

केबिनमध्ये चौघं होतो. डॉक्टर, आबा, विमल आणि मी, मला टेबलावर आडवं केलेलं. डॉक्टरांनी आबांकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती. ते साहजिक होतं. आबांनी आधी आपण काय काय दिलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग डॉक्टरांनी विमलला विचारलं, जेवणात काय असतं?

"भाकरी, भाजी, वरण," ती म्हणाली. "अळणी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस?"

"दीड महिना होत आला."

मग त्यांनी समजावलं आणि या वेळी ऐकणारं कोणी तरी होतं. अंगातलं मीठ कमी झालं, वर घामानं आणि जुलाबानं पाणीही गेलं, की शरीर ही गोळी बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. ती साठत जाते आणि शेवटी विष होते. आणखी चार दिवस गेले असते तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं म्हणे: मीठ नेहमीसारखं खा, पाणी भरपूर प्या, उन्हात जपा. मी तेव्हा 'शांतता राखा' आखत होतो.

विमल एवढंच म्हणाली, "मला आत बसवलं असतं तर मी ऐकलं असतं." 

गोळी बंद झाली आणि सलाईन लावलं. बाटलीत काय आहे विचारलं तर अक्का म्हणाल्या, मीठ-पाणी. दीड महिना मी ज्याला हात लावला नव्हता ते थेंबाथेंबानं माझ्या शिरेतून आत जात होतं. मला हसूही आलं आणि रडूही.

बरं व्हायला नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी आबा पुन्हा आले. डॉक्टर आणि ते अर्धा तास बोलत होते. एक वही ठरली. डाव्या पानावर डॉक्टर लिहिणार, उजव्या पानावर आबा, आणि दोघांनी एकमेकांचं पान वाचल्याशिवाय काही बदलायचं नाही. वही विमलकडे. डॉक्टरांनी नव्यानं गोळी सुरू केली ती कमी मात्रेत. ब्राह्मीचं तूप त्यांनी तूर्त थांबवायला सांगितलं, आबांनी लगेच थांबवलं. तेल, काशाची वाटी, वेळेवर जेवण, वेळेवर झोप हे राहिलं. आबा मला म्हणाले, "घर डॉक्टरांनी धरलंय. मी अंगण झाडतो. मला घर धरायला लावू नकोस."

पाचोऱ्याच्या मास्तरांना माझं उत्तर एवढंच. अंगण जरूर झाडून घ्या. पण घर कोणी धरलंय ते झाडणाऱ्याला सांगा, आणि झाडणारा कोण आहे ते घर धरणाऱ्याला.

ताट

इथं थांबलो असतो तर लेख नीटनेटका झाला असता. पण एक राहिलं.

हात. कमी गोळीवर थरथर कमी झाली, गेली नाही. मी काम पुन्हा सुरू केलं. मोठी अक्षरं, जाड ब्रश. बारीक नक्षीची कामं दुसऱ्याकडे पाठवू लागलो. वरून सगळं ठीक. आतून रोज सकाळी उठलो की पहिलं काम म्हणजे हात पुढे धरून बघायचा. विमलही बघायची. 

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारचं जेवण. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि वांग्याचं भरीत. घाईत मी तिच्या ताटातलं भरीत उचलून तोंडात घातलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मिठाचा कण नव्हता. मी ओरडलोच. "मला परत अळणी देतेस?"

"ते माझं ताट आहे," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग हळूहळू निघालं. चैत्रात मी मीठ सोडलं तेव्हा तिनंही माझ्याबरोबर सोडलं होतं. आणि त्या एस.टी.त, माझी मान तिच्या खांद्यावर असताना, तिनं एकवीरा देवीला नवस बोलून टाकला होता. तो तिनं मला तिच्याच बोलीत सांगितला, खाली बघत. "तुमना हात थांबस नही तवलोंग मी मीठ खावाव नही."

सहा महिने. नळावर तिला दोनदा चक्कर आली होती, मला सांगितलं होतं उन्हानं आली. तिचा चेहरा ओढलेला दिसत होता आणि मी रोज फक्त माझा हात बघत होतो.

मी चिडलो. फार चिडलो. ताट ढकलून उठलो, घरभर फिरलो, मग कोनाड्यातली मिठाची बरणी घेतली, चिनी मातीची पांढरी, आणि कामाच्या पेटीतला लाल एनॅमल काढला. काठी घेतली नाही. तिच्यासमोर बसून बरणीवर आडवी रेघ मारली, एका श्वासात. रेघ थरथरली. तिला नीट दिसेल अशी थरथरली. तिच्याखाली मी लिहिलं, मीठ.

"बघ," मी म्हणालो. "हा हात आता असाच राहणार."

"मग देवीला काय सांगू? थांबला म्हणून खोटं सांगू?"

"खोटं बोलून काय होतं ते आपण पाहिलं. खरं सांग. हात थरथरतो आणि माणूस घरी आहे."

ती बराच वेळ बरणीकडे बघत राहिली. मला पायाखाली आग लागल्यासारखं झालं होतं, उठून चालायला लागावंसं वाटत होतं. मी उठलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याचं काही होईपर्यंत बसून राहिलो.

रंग ओला होता. तिनं अक्षरांना धक्का न लावता झाकण काढलं, चिमूटभर मीठ घेतलं आणि भरितावर टाकलं.